अल्झायमर : मेंदूची रसद नेमकी कुठे अडते?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ख्रिस शॅफर आणि नोझोमी निशिमुरा यांच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग चालू होता. अल्झायमरसारखी लक्षणे दिसावीत अशी जनुकीय रचना असलेले उंदीर घ्यायचे, त्यांच्या मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांत मुद्दाम गुठळ्या तयार करायच्या आणि पुढे काय होते ते पाहायचे, असा बेत होता. कवटीत बसवलेल्या काचेच्या छोट्या झरोक्यातून खास सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यावर मात्र भलतेच दिसले. ज्या प्रकारच्या वाहिन्या बंद करायच्या होत्या, त्यांतल्या काही आधीच बंद होत्या.

वाट अडवून बसली होती ती रक्तातलीच एक पेशी. न्यूट्रोफिल हे तिचे नाव. जंतूंवर तुटून पडणाऱ्या या पांढऱ्या पेशी शरीरातील पांढऱ्या पेशींमध्ये संख्येने सर्वांत जास्त असतात. निरोगी उंदरांत दर हजार केशवाहिन्यांमागे साधारण चार वाहिन्या तुंबलेल्या आढळल्या, तर आजारी उंदरांत अठरा. हजारात अठरा हा आकडा किरकोळ वाटतो. पण मेंदूतील केशवाहिन्या एकमेकींना जाळ्यासारख्या जोडलेल्या असतात. अरुंद गल्लीच्या तोंडाशी टेम्पो अडकला की पुढच्या चार गल्ल्यांत माल पोहोचत नाही, तसे एका वाहिनीतील अडथळ्याने पुढच्या कित्येक वाहिन्यांतील प्रवाह मंदावतो. संशोधकांनी न्यूट्रोफिलला चिकटू न देणारी प्रतिपिंडे दिली, तेव्हा काही मिनिटांतच रक्तप्रवाह वाढला आणि काही तासांत त्या उंदरांची स्मरणशक्तीच्या चाचणीतील कामगिरीही सुधारली. २०१९ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

प्रयोग उंदरांवरचा होता आणि उंदरात जे घडते ते माणसात घडेलच असे नाही. तरीही अल्झायमरकडे पाहण्याची एक वेगळी दिशा त्यातून पुढे आली. या आजाराची चर्चा गेली अनेक दशके मेंदूत साचणाऱ्या कचऱ्याभोवती फिरत राहिली. मेंदूला रोज लागणारी रसद पोहोचते का, ती कोण पोहोचवते आणि पोहोचल्यावर ती वापरली जाते का, हे प्रश्न त्यामानाने मागे पडले होते.

कचऱ्याची गोष्ट

१९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिता येईना, समोरचा पदार्थ कोणता ते सांगता येईना. तिची तपासणी करणारे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर त्यांना चिकट थर दिसले आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. पुढे हे थर अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर बरेचसे संशोधन हे थर हटवण्याच्या दिशेने झाले.

त्या मेहनतीला फळही आले. लेकानेमॅब या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ते अमायलॉइड हटवते. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांत त्याने दीड वर्षात ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. वेग कमी झाला. ऱ्हास थांबला नाही, गेलेली स्मृतीही परत आली नाही. दुसरीकडे, काही वृद्धांच्या मेंदूत मृत्यूनंतर भरपूर अमायलॉइड सापडते, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत असते. म्हणजे कचरा हे या आजाराचे महत्त्वाचे अंग आहे, पण तेवढ्यावर सगळा उलगडा होत नाही.

हातावर पोट असलेला अवयव

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतो. शरीराच्या वजनाच्या तो जेमतेम दोन टक्के. पण शरीर विश्रांती घेत असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतील सुमारे वीस टक्के ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. दर मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर रक्त त्याच्यातून फिरते. दिवसाकाठी तो १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. त्यासाठी वेगळी साखर खावी लागत नाही. भात, भाकरी, पोळी, डाळ आणि फळांतून शरीर ते तयार करते.

यकृत आणि स्नायू ग्लुकोजचा साठा करून ठेवतात. मेंदूकडे अशी कोठी जवळजवळ नाही. हातावर पोट असलेल्या घरासारखा त्याचा संसार रोजच्या आवकीवर चालतो. रक्ताचा प्रवाह पूर्ण थांबला, तर आठ-दहा सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते.

ही आवक ज्या वाटेने होते ती वाट फार चिंचोळी आहे. केशवाहिनीची रुंदी माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या भागाइतकी असते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सात ते आठ मायक्रोमीटर, आणि अनेक केशवाहिन्या त्याहूनही अरुंद. त्यामुळे तांबड्या पेशी अंग चोरून, स्वतःला दुमडून, एकामागून एक रांगेने पुढे सरकतात. पांढरी पेशी आकाराने मोठी आणि अंगाने ताठर. ती वाहिनीच्या भिंतीला चिकटली की मागची रांग थांबते. कॉर्नेलच्या उंदरांत हेच दिसले होते.

ओझे वाहणारी तांबडी पेशी

माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात आणि प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसते. पेशीचे वीजघर म्हटले जाणारे मायटोकाँड्रियाही नसतात. त्यामुळे ती जो ऑक्सिजन वाहून नेते, त्यातला कणही स्वतःसाठी वापरत नाही. कावडीने पाणी वाहणाऱ्याने त्यातला घोटही घेऊ नये, तसे हे आहे. तिला लागणारी ऊर्जा ती ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन करून मिळवते. त्या विघटनात २,३-बीपीजी नावाचे एक संयुग तयार होते. ते हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरील पकड सैल करते आणि त्यामुळे ऊतींना ऑक्सिजन मिळणे सोपे जाते. म्हणजे तांबड्या पेशीचे स्वतःचे चयापचय बिघडले, तर मेंदूला मिळणाऱ्या ऑक्सिजनवरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

ही पेशी केवळ हमालही नाही. २०१६ मध्ये ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील एका संशोधनात असे दिसले, की मेंदूच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी झाला की तिथून जाणाऱ्या तांबड्या पेशी अधिक लवचीक होतात आणि केशवाहिन्यांतून वेगाने सरकतात. मागणी वाढली की पुरवठ्याचा वेग वाढवण्यात त्यांचाही वाटा असतो. हीच लवचीकता गेली तर काय? प्रयोगशाळेतील काही अभ्यासांत अमायलॉइड बीटा तांबड्या पेशींना चिकटते आणि त्यांची दुमडण्याची क्षमता कमी होते, असे आढळले आहे.

रक्तातील तिसऱ्या प्रकारच्या पेशी म्हणजे प्लेटलेट. जखम झाल्यावर रक्त गोठवण्याचे काम त्या करतात. ज्या मोठ्या प्रथिनाचे तुकडे होऊन अमायलॉइड बीटा तयार होते, ते प्रथिन प्लेटलेटमध्येही असते. रक्तात फिरणाऱ्या अमायलॉइडचा मोठा भाग त्यांच्याकडूनच येतो. मेंदूतील थर वाढण्यात त्यांचा हात किती, यावर संशोधन चालू आहे.

स्मृतीच्या आधी मंदावणारी चूल

मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो, हे जिवंत माणसात पाहण्याची सोय १९७६ नंतर झाली. त्या वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एफडीजी हे किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोजसदृश द्रव्य प्रथम माणसाला देण्यात आले. पेट स्कॅनमध्ये ते जिथे जास्त जमते तो भाग उजळ दिसतो. अल्झायमरच्या रुग्णांत मेंदूचे मागचे-वरचे आणि कानांलगतचे भाग मंद दिसू लागतात. या मंद भागांची ठेवण इतकी ठरावीक असते, की निदानात तिचा उपयोग होतो.

खरा प्रश्न होता तो वेळेचा. पेशी मेल्या म्हणून चूल मंदावली, की चूल मंदावली म्हणून पेशी खंगल्या? अमेरिकेतील डॉ. एरिक रायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये यावर महत्त्वाचा पुरावा मांडला. अपोई-४ हे जनुक असलेल्यांना अल्झायमरचा धोका जास्त असतो, हे १९९३ मध्ये कळले होते. आई आणि वडील दोघांकडून हे जनुक मिळालेल्या, पण स्मृती उत्तम असलेल्या मध्यमवयीन लोकांचे स्कॅन त्यांनी तपासले. रुग्णांत जे भाग मंद दिसतात, तेच यांच्यातही मंद होते. २००४ मध्ये याच गटाला २० ते ३९ वयाच्या, हे जनुक असलेल्या तरुणांतही तसाच फरक आढळला. त्या वयात अमायलॉइडचे थर साचायला कित्येक वर्षे अवकाश असतो. अभ्यासातील माणसे मोजकी होती आणि हे जनुक असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. पण ग्लुकोजच्या वापरातील फरक विस्मृतीच्या कितीतरी आधी दिसू शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

२०१६ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १,१७१ लोकांच्या मेंदूच्या ७,७०० हून अधिक प्रतिमा संगणकाच्या साहाय्याने एकत्र अभ्यासल्या. अल्झायमरकडे जाणाऱ्या वाटेवर सर्वांत आधी काय बिघडते, हे त्यांना पाहायचे होते. त्यांच्या विश्लेषणात रक्तप्रवाहातील बिघाड अमायलॉइडच्याही आधी दिसला.

एकमेकांना ओढणारी कारणे

यावरून अमायलॉइड निर्दोष ठरते असे नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले, की केशवाहिन्यांना बाहेरून वेटोळे घालून बसलेल्या पेरिसाइट या पेशी अमायलॉइडमुळे आवळल्या जातात आणि वाहिनी आणखी अरुंद होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या ऊतीतही हे दिसले. म्हणजे अमायलॉइड रक्ताची वाट आवळते. रक्त कमी मिळाले की मेंदूची सफाई मंदावते आणि अमायलॉइड आणखी साचते. सुरुवात कुठूनही झाली तरी हे चक्र स्वतःच फिरत राहू शकते.

माल दारापर्यंत येऊनही आत न जाण्याची शक्यता असते. रक्तातून मेंदूत ग्लुकोज नेणाऱ्या प्रथिनाला ग्लुट-१ म्हणतात. ते केशवाहिन्यांच्या भिंतीत असते, आणि विशेष म्हणजे तांबड्या पेशीच्या आवरणातही मुबलक असते. अल्झायमरग्रस्त मेंदूच्या केशवाहिन्यांत ते कमी झालेले आढळते. आत गेलेल्या ग्लुकोजवरही पुढची प्रक्रिया व्हावी लागते. ॲस्ट्रोसाइट या मदतनीस पेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट तयार करून चेतापेशींना पुरवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले, की आजारी उंदरांत हे काम मंदावते आणि आयडीओ-१ नावाच्या विकराला रोखले की ते पुन्हा सुरू होते. त्या उंदरांची स्मृतीही सुधारली. माणसांवरील परीक्षा अजून व्हायची आहे.

रक्तक्षयाचा धागा

तांबड्या पेशी कमी असतील तर मेंदूवर काय परिणाम होतो, हे माणसांतही तपासले गेले आहे. अमेरिकेत ७० ते ७९ वयाच्या २,५५२ लोकांवर ११ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला रक्तक्षय असलेल्यांपैकी २३ टक्के लोकांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. रक्तक्षय नसलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासात बारा हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत रक्तक्षय असलेल्यांना अल्झायमरचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त आढळला.

रॉटरडॅमच्या अभ्यासातील दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिन फार जास्त असलेल्यांतही धोका वाढलेला होता. कमी आणि जास्त, दोन्ही टोके वाईट. त्यामुळे ‘रक्त वाढवले की स्मृती वाढेल’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. शिवाय रक्तक्षय हे अनेकदा मूत्रपिंडाच्या विकाराचे, दीर्घकाळच्या दाहाचे किंवा कुपोषणाचे लक्षण असते, आणि मेंदूला अपाय त्या मूळ आजारानेही होऊ शकतो. रक्तक्षय बरा केल्याने अल्झायमर टळतो, हे अजून सिद्ध झालेले नाही.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. देशात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे या वयोगटातील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडण्यात आला. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. या दोन आकड्यांत थेट कार्यकारणभाव जोडता येत नाही. पण आयुष्याचा मोठा काळ कमी हिमोग्लोबिनवर काढलेल्या पिढ्या म्हातारपणाकडे सरकत असताना या धाग्याचा अभ्यास इथल्या लोकांत होणे गरजेचे आहे.

औषध नाही, पण काम आहे

चयापचय दुरुस्त करून अल्झायमर रोखण्याचे प्रयत्न अद्याप यशस्वी झालेले नाहीत. नाकावाटे इन्सुलिन देण्याच्या मोठ्या चाचणीतून २०२० मध्ये निराशाच पदरी पडली. मधुमेह आणि लठ्ठपणावर गाजलेले सेमाग्लुटाइड हे औषधही २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अल्झायमरचा वेग कमी करू शकले नाही. आजार दिसू लागल्यावर रसद सुरळीत करणे कदाचित उशिराचे ठरत असावे.

त्याआधीच्या वर्षांत मात्र करण्यासारखे बरेच आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सर्व टाळता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश रोखता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. त्या यादीत रक्तक्षय नाही. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव आणि हवेचे प्रदूषण आहे. ही सगळी मेंदूच्या रसदीची वाट बिघडवणारी कारणे आहेत. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. तुलनेच्या गटात लक्ष्य १४० च्या खाली होते. मात्र वृद्धांत रक्तदाब किती खाली आणायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, कारण तो फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

घरातील ज्येष्ठ व्यक्ती तेच तेच विचारू लागली, पैशांचा हिशोब चुकू लागला, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळू लागली, तर ‘वय झालं, आता असं व्हायचंच’ म्हणून सोडून देणे हे सर्वांत मोठे नुकसान ठरते. विस्मृतीची सगळीच कारणे अल्झायमरची नसतात. अशा वेळी डॉक्टर रक्ताची साधी तपासणी, बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर आणि सोडियम पाहतात. बी-१२ कमी असले तर रक्तक्षय होतो, चेतासंस्था बिघडते आणि स्मृतीवरही परिणाम होतो. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता अनेकदा आढळते. वेळेत कळली तर ती उपचारांनी भरून काढता येते.

रक्ताच्या साध्या तपासणीतून अल्झायमरचे निदान होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. त्यासाठीची रक्तचाचणी वेगळी आहे. ती रक्तपेशी मोजत नाही. रक्तद्रवातील टाऊ आणि अमायलॉइडचे प्रमाण पाहते. अशा पहिल्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली, तीही लक्षणे असलेल्या ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी.

प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रीत १२ च्या खाली गेले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो रक्तक्षय असतो. अहवालात हा आकडा दिसला की दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करण्याची घाई मात्र करू नये. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्यांत लोह पुरेसे असूनही हिमोग्लोबिन कमी दिसते, आणि नको असताना घेतलेले लोह शरीरात साचून अपाय करते. उतारवयात नव्याने लोह कमी झाले असेल, तर पोटात किंवा आतड्यात कुठे रक्तस्राव होतो आहे का, हे आधी पाहावे लागते. म्हणून साठीनंतरच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब आणि साखरेच्या जोडीला हिमोग्लोबिनचा आकडाही वाचावा, तो कमी असेल तर डॉक्टरांना कारण विचारावे, आणि घरातल्या आजीचा अहवाल ‘या वयात एवढे चालायचेच’ म्हणून फाइलमध्ये लावून ठेवू नये.